उरलेल्या गोळ्या

थेंब येत नव्हता. वेन्सेसनं सुई टोचून एदेल्मीराचं बोट दाबलं, पुन्हा दाबलं, पण जन्मभर कसावाचे कंद सोलून राठ झालेल्या त्या टोकावर लाल असं काही दिसेना, आणि तिला वाटलं, नकोच येऊ दे...

"रक्तातही काटकसर का, मावशी?" वेन्सेस म्हणाला. गावातलं मलेरियाचं काम तोच बघायचा. मग थेंब आला. त्यानं तो काचेच्या पट्टीवर पसरला.

कोपऱ्यात मच्छरदाणीत तिची सून नेलिडा पडली होती. सातवा महिना. काल तिच्या रक्तात मलेरिया सापडला, म्हणून आज घरातल्या साऱ्यांचं रक्त घ्यायचं – साऱ्यांचं म्हणजे एदेल्मीराचंच, कारण मुलगा अमादेओ जूनमधला सण उरकून लगेच लाकूडतोडीच्या तळावर गेला होता. वेन्सेस नेहमीचंच सांगत होता: संध्याकाळी अंगभर कपडे घाला, मच्छरदाणीशिवाय झोपू नका, डास एकाच्या रक्तातला जंतू उचलून दुसऱ्याच्या अंगात सोडतो, आणि ताप उतरला तरी तो जंतू यकृतात दडी मारून बसतो, म्हणून गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या. नेलिडाला मात्र ती यकृत साफ करणारी गोळी बाळंत होईपर्यंत देता येणार नव्हती, बाळाला सोसत नाही. तोवर ताप उलटू शकतो, बाळ अशक्त निपजू शकतं, किंवा दिवस भरायच्या आधीच...

"तुम्हाला जूनमध्ये झाला होता ना, मावशी? गोळ्या पुऱ्या केल्या होत्या?"

"केल्या की."

किती सहज निघालं तोंडातून! तेव्हा सान हुआनचा सण तोंडावर आलेला, आणि तिच्या हातचं मसातो, कसावाची आंबवलेली दारू, प्यायला नदीच्या वरच्या अंगाची माणसंसुद्धा होड्या घेऊन यायची. घरधनिणीनं पहिला वाडगा तोंडाला लावल्याशिवाय पाहुणे आपल्या वाडग्याला शिवत नाहीत, मग ती पिणार नाही तर कोण... आणि गोळी नि मसातो एकत्र पोटात गेले की यकृत सडतं, असं सारं गाव म्हणत होतं. ताप तर उतरलाच होता. उरलेल्या गोळ्या तिनं छपराच्या झावळीत खोचल्या, सण झाला की घेऊ म्हणून, आणि मग विसरली... नाही, विसरली नव्हती. जुलैत पुन्हा अंग कापायला लागलं, मग घामानं भिजून ती रात्रभर मच्छरदाणीबाहेर पडून राहिली, नेलिडाच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर – तेव्हा आठवल्या होत्या. आठवल्या, आणि तिनं कुणाला सांगितलं नाही.

उलट कालपासून येईल-जाईल त्याला ती ऐकवत होती, की ही पोरगी तिन्हीसांजेला नदीवर अंघोळीला जाते, सांगून सांगून माझा घसा बसला. बायका माना डोलवत होत्या. इतक्यांदा सांगितलं, की तिला स्वतःलाही ते थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं.

"चूक माझीच आहे, वेन्सेस," मच्छरदाणीतून बारीक आवाज आला. "आई सांगत होत्या, मीच ऐकलं नाही. अमादेओला निरोप द्याल तर तसंच सांगा."

एदेल्मीराला आधी हायसं वाटलं. हायसं! मग कानांच्या पाळ्या तापल्या, मान वर करवेना, आणि स्वतःची कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली – गोळ्यांची नाही, त्या हायसं वाटण्याची.

काचेची पट्टी घेऊन वेन्सेस गेला. निकाल उद्या. आणि भांडी घासता घासता तिच्या ध्यानात आलं, की निकालात काही निघालंच तर काय बोलायचं हे मनानं केव्हाच जुळवून ठेवलंय: सुनेमुळे मलाही ताप लागला बघा. वेन्सेसच्याच तोंडचा डास, नुसता उलटा फिरवलेला. कुणाला संशयही येणार नाही.

उजेड कमी झाला तशी नेलिडा पोटाला हात लावून उठली. एदेल्मीरा नको नको म्हणत असताना तिनं सासूचं अंथरूण घातलं, मच्छरदाणी सोडली.

"आत व्हा, आई. माझ्यापायी तुम्हाला नको लागायला."

ती निमूट आत झाली. सून वाकून, दमत, कडा एकेक करून आत खोचू लागली. तापानं कढत असलेली तिची बोटं जाळीवरून एदेल्मीराच्या पायाला लागली.

"नेली..."

"काय, आई?" बोटं थांबली.

पाणी दे, दिवा लाव, तू पड आता – असलं काहीतरी म्हणून वेळ निभावून न्यायची तिला आयुष्यभराची सवय होती. आज त्यातलं एकही वाक्य जिभेवर येत नव्हतं, आणि नेलिडा तशीच वाकून वाट बघत होती.