जवळ्याला डिझेलचा वास

चारुता पनवेलच्या एका प्रयोगशाळेत डिझेल तपासायची. घनता किती, भेसळ आहे का, नऊ वर्षं हेच काम. न तपासता मत द्यायचं नाही, ही तिची शिस्त. ती मोडली फक्त माहेरी.

माहेर खाडीकाठचं. तिथे रोशनीवहिनीने बचतगटातून जवळा सुकवायचं मशीन आणलं होतं, डिझेलच्या भट्टीवर चालणारं. ढगाळ हवेतही दिवसभरात सुकट तयार. पण पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकांनी पिशव्या परत केल्या. सुकटीला डिझेलचा वास येत होता.

"मी बोलतच होते," आई जनी गटाच्या बायकांसमोर म्हणाली, "उनाचं काम मशीनला जमायचं नाय."

चारुताही फोनवर सहज बोलून गेली, "वहिनी, भट्टीचा धूर लागत असेल."

रोशनीने मशीनवर ताडपत्री टाकली.

दिवाळीला चारुता गावी गेली, तर वहिनी तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. ते तिच्या मनाला लागलं. निघताना तिने तीन बरण्या भरल्या: मशीनवरची सुकट, आईची उन्हातली, आणि दोघींना जवळा पुरवणाऱ्या वडिलांच्या, काशिरामच्या, होडीतून नुकताच उतरलेला ओला जवळा.

प्रयोगशाळेत साहेबांना विचारून तिने तिन्ही नमुने यंत्रावर लावले. तिन्ही आलेखांत डिझेलच्या ओळखीच्या रेघा उमटल्या. ओल्या जवळ्यात सगळ्यात उंच. उन्हात बरंचसं उडून गेलं होतं, मशीनच्या बंद पेटीत कोंडून राहिलं होतं, एवढाच फरक. आपण एका वाक्यात वहिनीला दोषी ठरवलं, हे त्या कागदाकडे बघताना तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

रविवारी गावी जाऊन ती बाबांबरोबर होडीत उतरली. तळावरच्या फळ्या उचलल्या. इंजिनाची डिझेलची नळी चिरलेली, तळातल्या पाण्यावर तवंग, आणि त्याच पाण्यात टेकलेल्या जवळ्याच्या टोपल्या.

काशिरामनी तवंगात बोट बुडवून हुंगलं. "वास येत होता गो. मना वाटलं, इंजिन हाय, वास येनारच."

घरी जनीने सगळं ऐकलं. "म्हंजे माज्या सुकटीत पन हाय?"

"कमी आहे. पण आहे."

जनी उठली. आपली उन्हातली सगळी सुकट तिने परसात खड्डा खणून पुरली. संध्याकाळी गटाच्या बायका जमल्या, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "दोष होडीचा होता. मी सुनेला उगाच बोलले."

बायका गेल्यावर चारुता वहिनीजवळ गेली. "मीही न तपासताच बोलले."

"आई बोलल्या तं रागाने बोलल्या," रोशनी म्हणाली. "तुमी या कामातल्या, ताई. तुमचं खरंच वाटलं मला. माजाच इश्वास उडाला मशीनवरचा."

पुढच्या आठवड्यात नळी बदलून, होडी धुऊन झाल्यावर रोशनीने मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पहिल्या घाण्यातली एक बरणी चारुताकडे तपासायला पाठवली.