आज बटण दाबू नका

मी आई म्हणून मला गोळीची आठवण हवी, म्हणजे मी ठणठणीत राहीन.

मी मुलगा म्हणून मला आईनं गोळी घेतल्याचा मेसेज हवा, म्हणजे मी निर्धास्त राहीन.

दीपमालाच्या धंद्यात माणसाची गरज अशी एका वाक्यात बसवतात आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला डकवतात. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय गं, असं आईनं एकदा विचारलं होतं. कोणाला काय हवंय ते ओळखायचं, दीपमाला म्हणाली, आणि ज्यांच्यावर आपला काडीचा अधिकार नाही अशा माणसांकडून ते करून घ्यायचं.

"म्हंजे सुनेचं काम," कौशल्याबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

तर खराडीच्या ऑफिसातल्या त्या भिंतीवरून गोळ्यांचं ॲप जन्माला आलं. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाचा फोन किणकिणतो, 'गोळी घेतली' असं हिरवं बटण येतं, ते दाबलं की दूरच्या मुलाला मेसेज जातो. सोपं. आणि तरी पुण्यात कोणी वापरेना. कात्रजपासून बाणेरपर्यंत आलेख जमिनीला चिकटलेला. फक्त विश्रांतवाडीत तो ताठ उभा.

"तिकडे सगळे एकदमच आजारी पडलेत का?" श्रीनिवासनं विचारलं. तो तिचा साहेब. कधी हसत नाही, पण बोलतो असं की समोरच्यालाही हसता येत नाही. "शुक्रवारी वरची मंडळी ठरवणार, ॲप ठेवायचं की गुंडाळायचं. गुंडाळलं तर तुलाही त्यातच गुंडाळतील. तेवढं कापड आहे."

दीपमाला विश्रांतवाडीतच राहते. आलेखाकडे ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. रोज संध्याकाळी तो एका ठोक्याला वर जायचा आणि एका ठोक्याला खाली यायचा, भिंतीसारखा. माणसं अशी रांगेत गोळ्या घेत नाहीत. चांगलं दिसलं की आनंद मानायचा सोडून आधी शंका घ्यायची, हेही तिच्या धंद्यातलं एक कसब. त्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही.

गुरुवारी ती लवकर निघाली आणि आळंदी रस्त्यालगतच्या देवळात गेली. तिथं तिच्या आईचं भजनी मंडळ बसतं.

आरती संपली. प्रसादाआधी कौशल्याबाईंनी टाळी वाजवली.

"चला बायांनो, फोन काढा. दाबा."

बायांनी दाबलं.

"आई!"

"काऊन वं? तूच म्हणली ना, लोकायनं वापरलं तरच नोकरी टिकते. आम्ही का लोक नाही?"

"अगं पण यातल्या गोळ्या किती जणी घेतात?"

"गोळ्याचं तू काही बोलली नव्हती."

ऑफिसात दीपमालाच्या शब्दावर एक प्रोग्रामर खुर्चीतून हलत नाही. आणि अकोल्याहून लेकीपाठोपाठ आलेल्या या बाईनं, ना पद ना पगार, अख्खा सभामंडप हलवला होता. दीपमाला खांबाला टेकून खाली बसली. सगळं खोटं. उद्या काय दाखवायचं?

एका बाईंनी अजून दाबलं नव्हतं. चष्मा शोधत होत्या. आनंदीबाई, इथल्याच जुन्या गावातल्या. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, मुलगा साईनाथ कॅनडात. यांना रक्तदाबाची गोळी खरोखरच लिहून दिलेली.

एक तरी खरी, दीपमालाला वाटलं. ती शेजारी सरकली.

"आज्जी, तुम्ही घेता ना गोळी?"

"न्हाई बाई. संपल्या की दिवाळीत."

"मग बटण का दाबता?"

"त्याला काळजी नको." चष्मा पदरातच सापडला. "पयले त्यो फोन करायचा. गोळी घेतली का, आणली का, दाखव बरं पाकीट. मग मी आणायची. आता इचारतंय कोण? बटनच हाय."

मी आई म्हणून मला

दीपमालानं चिठ्ठी तिथंच, प्रसादाच्या कागदावर लिहायला घेतली होती. पुढचं लिहवेना. तिनं कागद उलटला.

मी मुलगा म्हणून, आईनं गोळी घेतली नाही तरच मला कळवा, म्हणजे मी फोन करीन.

हेच. ॲप उलटं करायचं. 'घेतली'चा मेसेज बंद. आज आनंदीबाईंचा आला नाही की साईनाथ घाबरेल, फोन लावेल. उद्या एवढा एक फोन दाखवता आला तरी पुरे.

"आज्जी, आज बटण दाबू नका."

"घाबरंल की गं त्यो."

"घाबरू दे. फोन करेल."

आनंदीबाईंनी अंगठा मागे घेतला. मग फोन पदराच्या टोकात बांधला, तंबाखू बांधावी तसा, आणि प्रसाद न घेताच उठल्या. घरी रेंज चांगली येते, म्हणाल्या.

शुक्रवार. सकाळी ऑफिसात श्रीनिवास तिच्या टेबलाशी उभा होता. कॅनडाहून आलं होतं, पण आईला नाही. कंपनीला.

'कालपासून मेसेज नाही. आई गोळी नेमानं घेते, म्हणजे ॲपच बिघडलंय. त्वरित दुरुस्त करा. साईनाथ.' खाली पाचपैकी एकच चांदणी.

"बिघडलं नाहीये," दीपमाला म्हणाली. मग सगळंच सांगितलं. देऊळ, टाळी, दिवाळी. कागदही पुढे केला.

श्रीनिवासनं शांतपणे वाचला. खिशातून पेन काढलं, 'फोन' खोडलं, वर 'तक्रार' लिहिलं.

म्हणजे मी तक्रार करीन.

"एक दिवस मेसेज चुकला तर माणूस कॅनडातून ओरडतो. म्हणजे त्याला काय हवंय? मेसेज. हे ओळखायचाच पगार आहे ना तुला?"

"आणि त्याच्या आईला?"

"ती पैसे भरत नाही." तो वळला, थांबला. "कोथरूडला ओळखी आहेत का, तुझ्या आईला विचार."

ॲप राहिलं. दीपमालाही राहिली. साईनाथची तक्रार मोठ्या अक्षरात पडद्यावर आली आणि वरच्या मंडळींनी माना डोलावल्या.

संध्याकाळी तिनं ॲपमध्ये नोंदलेलं गोळीचं नाव दुकानात दाखवून गोळ्या घेतल्या आणि आनंदीबाईंचं दार वाजवलं. दार उघडंच होतं. त्या हातात फोन धरून खुर्चीत बसलेल्या, अंगावर कालचंच लुगडं. देवळात आज गेल्या नव्हत्या. आरतीच्या गलक्यात ऐकू आलं नसतं.

"तुझ्याकडं काय आलं का त्याचं?"

आलं होतं.

"नाही, आज्जी."

"कामात असंल."

"हो."

"लई काळजी करत असंल पोरगं." आनंदीबाईंनी अंगठा काचेवर धरला. "दाबू का आता?"

दीपमालानं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाणी आणलं. आज्जी, आधी गोळी, असं म्हणायचं होतं तिला. निदान एवढं तरी.

"दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबलं. हिरवं बटण राखाडी झालं. पाकीट त्यांनी न बघताच टेबलाच्या खणात सारलं.

खोलीत फोन थरथरला. आनंदीबाईंनी झटकन आपला कानाला लावला.

"वाजला का गं?"

दीपमालाच्या पर्समधल्या फोनवर साईनाथच्या पाच चांदण्या उमटल्या होत्या. 'तत्पर सेवेबद्दल आभारी आहे.'

"माझा होता, आज्जी."