पांढरा पट्टा दिसेपर्यंत

धुरकट दिसते म्हणून हसू नका, मी दुर्बीण आहे. डाव्या भिंगात बुरशी धरली आहे, गळ्याचा पट्टा पुन्हा शिवलेला आहे. पण उजवा डोळा अगदी परवापर्यंत शाबूत होता.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. दुकानाच्या कपाटात धूळ खात बसल्यावर तो तोरा उतरला. मग एके दिवशी एका शिंपीणबाईनं मला उचललं. दिवसभर सुईच्या नेढ्यात डोळे घालणारी ती, सुट्टीच्या दिवशी तिला लांबचं बघायचं होतं. समुद्रपक्ष्यांचं तिला भारी वेड, त्यातही स्कुआचं. स्कुआ म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. सुरय पक्ष्याच्या हात धुऊन मागे लागायचं आणि त्याच्या तोंडचा मासा पळवायचा, हा त्याचा धंदा.

गेल्या वर्षी पक्षीमित्रांच्या बोटीवरून तिनं एक तपकिरी पक्षी दुसऱ्याचा मासा हिसकावताना पाहिला आणि ओरडली, "स्कुआ!" सगळे कठड्याशी धावले. निघालं कुरवाचं, म्हणजे सीगलचं, पिल्लू. लहानपणी तीही तपकिरीच असतात आणि चोरी त्यांनाही जमते. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं स्कुआबाई.

घरी नवरा म्हणाला, "अगं, दोष त्या दुर्बिणीचा. एका डोळ्यानं आंधळी झालीये ती."

"दुर्बीण ठीक आहे. घाई मी केली. स्कुआच्या पंखावरचा पांढरा पट्टा बघायच्या आधीच तोंड उघडलं."

माणसं आपली चूक माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर खुशाल ढकलतात. हिनं ढकलली नाही. तेव्हाच मी ठरवलं, हिला स्कुआ दाखवल्याशिवाय डोळा मिटायचा नाही.

यंदा पुन्हा तीच बोट, तीच माणसं. लांब पाण्यावर एक तपकिरी पक्षी पंख मिटून बसला होता.

"कुरवाचं पिल्लू," गटातले जाणते काका म्हणाले. "काय स्कुआबाई, ओरडणार का?"

सगळे खो खो हसले. तिचे कान लाल झाले, पण मला तिनं खाली घेतलं नाही.

"छाती भरदार वाटतेय, काका. तो उडेपर्यंत मी काहीच म्हणणार नाही."

लोकांनी डबे उघडले. नावाडी बोट वळवायला लागला.

"दादा, जरा थांबा ना."

"बाई, पेट्रोल जळतंय."

"एवढा वेळ थांबलात, अजून थोडं."

तिचे दंड भरून आले होते. मीही सगळा जीव उजव्या भिंगात आणला.

तेवढ्यात मासा घेऊन एक सुरय वरून गेला. तपकिरी पक्षी उठला, पंख उघडले, आणि दोन्ही पंखांवर पांढरा पट्टा लख्ख दिसला. सुरयानं घाबरून मासा टाकला, यानं तो हवेतच झेलला.

"स्कुआ," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

काकांनी घाईनं आपली दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे, ताई."

आता बुरशी उजव्या भिंगातही शिरली आहे. दुकानदारानं माझ्यापुढे हात टेकले. उद्या नवी दुर्बीण घरात येईल. येऊ दे. बयो, तुला एवढंच सांगते: बाई चष्मा लावते, तो भिंगाला घासला तर कुरकुर करू नकोस. स्कुआच्या बाकीच्या जाती तिला अजून बघायच्या आहेत. पहिला मी दाखवला, पुढचे तू दाखव.