बहीणभावाचे मेज

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. माझ्या दोन्ही लांब बाजूंना मधोमध अर्धगोल खाच आहे, त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "याला कुणी चावलं की काय?" पण या खाचा मुद्दाम केलेल्या आहेत. कारागीर खाचेत पोट टेकवून बसतो, म्हणजे दोन्ही कोपरांना आधार मिळतो आणि हात हलत नाही. सोनाराच्या खाचेखाली चामड्याची झोळी टांगलेली असते. कानशीने घासताना गळणारा सोन्याचा कीस तिच्यात पडतो.

सहसा मेजाला एकच खाच असते. मला दोन आहेत, कारण मला करवून घेणारी माणसे दोन होती आणि त्यांची ऐपत एकाच मेजाची होती. बहीण घड्याळे बनवायची आणि धाकटा भाऊ दागिने. शिंप्याच्या दुकानावरची एक अरुंद खोली त्यांनी भाड्याने घेतली. सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले खरे, पण जिना इतका चिंचोळा की मी काही केल्या वर जाईना. शेवटी माझे पाय काढून, मला आडवे करून नेले. खालून शिंपी ओरडत होता, "भिंत तेवढी पाडू नका, बाकी काहीही करा." अशा थाटात एका नामांकित पेढीची स्थापना झाली.

तिला सगळे ताई म्हणत आणि त्याला भाऊ. ताई एकदा डोळ्याला भिंग लावून वाकली की तासन् तास मान वर करत नसे. भावाचे तोंड मात्र हातापेक्षा जास्त चाले.

"ताई, श्वास तरी घेतेस ना?"

"तू शिंकायचा थांबलास की घेईन. मघाशी तुझ्या शिंकेत माझा स्क्रू उडाला."

मग दोघे गुडघ्यांवर रांगत जमीन झाडून तो स्क्रू शोधत. हातावर पोट होते, पण हसण्याला त्या खोलीत तोटा नव्हता. ते हसणे मला रोज ऐकायला मिळाले, हे माझे भाग्य.

त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे सोन्याच्या बांगडीत बसवलेले घड्याळ. बांगडी भावाची, घड्याळ ताईचे. एका प्रसिद्ध गायिकेने ते हौसेने घेतले आणि थोड्याच दिवसांत परत आणले. भर कार्यक्रमात ते बंद पडले होते. ताईने मागचे झाकण उघडले, भिंगातून पाहिले आणि भिंग भावाच्या हातात दिले. एका चाकाच्या दातांमध्ये सोन्याचा कण अडकला होता. घड्याळाला सोने आणि माती सारखीच, मित्रांनो.

भावाचा चेहरा उतरला. ताईने गायिकेला खरे ते सांगून टाकले. "चूक आमचीच आहे. सोनं माझ्या भावाचं आणि हलगर्जीपणा माझा." गायिका हसली, घड्याळ दुरुस्तीला ठेवून गेली आणि पुढे भेटेल त्याला सांगत सुटली, की स्वतःची चूक स्वतः दाखवणारे कारागीर मला सापडले आहेत. गिऱ्हाइकांची रीघ लागली ती तेव्हापासून.

ताईने मात्र त्या दिवशी ताट बाजूला सारले. "आपली दोघांची कामं एका मेजावर व्हायची नाहीत," ती म्हणाली. "मी दुसरीकडे कुठे जागा बघते."

"कुठे जाऊ नकोस," भाऊ म्हणाला. "मी करतो काहीतरी."

त्यानंतर ताईच्या बाजूला सोन्याचा एक कणही आला नाही. तिने आपल्या कामावर काचेची घुमटी ठेवायला सुरुवात केली होती, तेव्हा सगळ्यांनी श्रेय त्या घुमटीला दिले. ताईनेही दिले.

पेढी वाढत गेली. पुढे ती सगळी इमारतच त्यांची झाली. खाली आरशांचे दालन आले, मखमलीच्या पेट्या आल्या, दारात गाड्या थांबू लागल्या. मी वरच राहिले, खिडकीशेजारी, आपल्या जागी. भाऊ गेला तेव्हा ताईने त्याच्या खुर्चीत कुणाला बसू दिले नाही. काही वर्षांनी वय झाले तशी तीही यायची थांबली. मग त्या खोलीची अडगळ झाली आणि माझ्यावर रिकामी खोकी चढली. इतकी वर्षे कौतुक झाले, आता थोडी खोकी वाहिली तर काय बिघडले, असे मी स्वतःला समजावत असे. पण खरे सांगायचे तर मला वाईट वाटत होते.

एके दिवशी भावाच्या मुलाने, म्हणजे आताच्या मालकांनी, पेढी नव्या इमारतीत न्यायचे ठरवले. जुनी जागा सोडताना सोनार झारेकऱ्याला बोलावतात. तो जमिनीवरची धूळ, चटया, जुन्या फळ्या सगळे नेऊन जाळतो आणि राख धुऊन तिच्यातले सोने काढतो. हा झारेकरी भला माणूस होता. त्याने माझ्यावरची खोकी अलगद उतरवली, भावाच्या बाजूवर बोट फिरवले आणि म्हणाला, "मालक, हे मेज आधी भट्टीत. लाकडात चांगलं सोनं मुरलंय."

"न्या की," मालक म्हणाले.

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले, आणि मला तर चार पाय.

ताईच्या कानावर ही गोष्ट गेली. काठी टेकत, जिन्यात थांबत थांबत ती वर आली. "हे जाळायचं नाही," एवढेच ती म्हणाली.

"अगं आत्या, तिकडे सगळी नवी टेबलं येतायत. हे ठेवू कुठे? आणि ठेवायचं कशासाठी? हवं तर फोटो काढून ठेवू."

ताई दमली होती. जवळ होती भावाची खुर्ची. तिच्यात ती पहिल्यांदाच बसली आणि सवयीने कोपरे माझ्यावर टेकवली. डावे कोपर घसरले. तिने तिथे हात फिरवून पाहिला. खाचेचा मधला काठ अजून कोरा होता. झिजला होता तो डावीकडचा कोपरा, भिंतीकडचा. तिथे लाकडात वाटीसारखा खळगा पडला होता. त्यात कोपर ठेवायचे तर भिंतीकडे वळून बसावे लागत होते. ताई तशी वळली. खिडकी पाठीमागे गेली आणि तिची सावली तिच्याच हातांवर पडली.

"मला म्हणायचा, असं बसलं की उजेड बरा येतो," ती हळूच म्हणाली. "इथे कुठला उजेड!"

"म्हणजे?" मालकांनी विचारले.

"म्हणजे तुझा बाप जन्मभर स्वतःच्या सावलीत बसून काम करत होता रे. कीस भिंतीकडे उडावा, माझ्याकडे येऊ नये म्हणून. त्याची मान वाकडी झाली, आणि मी त्याला वाकडमान्या म्हणून चिडवत बसले."

मला हे सारे ठाऊक होते. रोज सकाळी त्याचे कोपर त्याच जागी येऊन टेकायचे. पण मला सांगायला तोंड कुठे होते? मी आपले झिजत राहिले.

मालकांनी त्या खळग्यात आपले कोपर ठेवून पाहिले. "बाबांची मान मी रोज शेकायचो," ते म्हणाले. "कशानं दुखते, ते कधी सांगितलं नाही." आणि झारेकऱ्याकडे वळून म्हणाले, "बाकी सगळं न्या. हे राहू द्या."

"राहू द्या," झारेकरी म्हणाला. "सोनं काय, कुठे पळून जातंय?"

"पण काचेच्या कपाटात ठेवू नका," ताईने बजावले. "कुणाला तरी कामाला बसवा."

त्याप्रमाणे आज मी नव्या इमारतीत कामावर आहे. भावाच्या जागी एक तरुण सोनारीण बसते आणि समोर एक घड्याळजी. उडणारा कीस ओढून घ्यायला आता यंत्र आहे, त्यामुळे ती सरळ, उजेडाकडे तोंड करून बसते. ताई आली की तिला ते फार बरे वाटते. मलाही वाटते.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर आधी ती ज्याची होती त्याच्या जागेवर क्षणभर बसून बघा. मग काय ते ठरवा. माझ्यापुरते विचाराल तर मी पुष्कळांचे ऋणी आहे, सुताराचे, त्या गायिकेचे, माझ्या बहीणभावाचे. पण सर्वांत जास्त ऋणी आहे त्या झारेकऱ्याचे. तो मला जाळायला आला नसता, तर ताई त्या खुर्चीत कधी बसलीच नसती.