एक सूत पुढे

नेरिसने कागदी रुमालाचा तुकडा पांढऱ्या गोंदात भिजवला, चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या इवल्याशा गाडीच्या मागच्या सीटवर अंथरला आणि त्याचं एक टोक खाली लोंबू दिलं.

"आणखी थोडं," शेजारून तिचे वडील, ग्विलिम, म्हणाले. "ते पांघरूण सारखं घसरायचं."

"दिसतंय का तुम्हाला?"

"दिसत नाही. आठवतंय."

नेरिसने टोक आणखी खाली ओढलं. रुमालाच्या तुकड्यावर तिने सकाळीच लाल चौकड्या रंगवल्या होत्या. दोन केसांच्या ब्रशने, मान मोडेस्तोवर. वडील बाजूच्या खुर्चीत बसून सूचना करत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेची तारीख काही लागत नव्हती, आणि गाडी अर्धवट पडली होती. सांगाडा रंगवून झाला होता, तोही झकास. फिकट हिरवा, कुठे ओघळ नाही की बोटाचा ठसा नाही. एरियल मात्र वाकडी तार लावून केलेली, कारण खऱ्या गाडीची एरियल मोडल्यावर ग्विलिमनी तिथे कपडे टांगायच्या हँगरची तार खोचली होती.

खरं तर नेरिस यायचीच नाही म्हणत होती. आईने कार्डिफला फोन केला. "सत्तरावा वाढदिवस आहे माझा. मला दुसरं काही नको. आपली ती हिरवी मिनी पुरी करून द्या दोघांनी मिळून. जशी होती तशी." नेरिस म्हणाली, आई, जगातल्या सगळ्या गाड्या सोडून तीच कशाला? त्यावर आई फोनवर नुसती गप्प राहिली. आईच्या गप्प राहण्यापुढे नेरिसचं आजवर कधी काही चाललं नव्हतं.

तीच गाडी बाला गावाच्या वरच्या घाटात दगडी बांधावर आदळली होती. नेरिस तेव्हा नऊ वर्षांची. याच चौकड्यांच्या पांघरुणाखाली मागच्या सीटवर झोपलेली, ती जागी झाली थेट हॉस्पिटलात. डावा पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांनी पोलिसांना सांगितलं, मी चालवत होतो, क्षणभर डोळा लागला. परवाना गेला, टपालाची व्हॅन गेली, मग ते डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पायी पत्रं वाटत फिरले. त्यांचं काय, नेरिसला वाटायचं, त्यांचे दोन्ही पाय धड आहेत.

पाय प्लास्टरमध्ये होता तोवर ग्विलिम रोज संध्याकाळी तिच्या पलंगाला टेबल लावून तिला प्लास्टिकच्या अशा छोट्या गाड्या जोडायला शिकवायचे. प्लास्टर निघालं, तिने आपली चाल आरशात पाहिली आणि ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. तोवर ती वडिलांना 'अरे बाबा, तू' म्हणायची. त्यानंतर 'तुम्ही' म्हणायला लागली. चॅपलमधल्या बायकांना वाटलं, पोरगी काय शहाण्यासारखी बोलायला लागली!

"आता पुढच्या सीटा," ग्विलिम म्हणाले. "आधी कोरड्याच बसवून बघ. घाई नको."

"माहितीये मला."

"माहिती असेल. तरी बघ."

तिने डावी सीट उचलली. गाडीच्या तळावर दोन इवल्या खुंट्या होत्या. त्यांच्यावर सीट टक्कन बसली. मग उजवी घेतली, चालवणाऱ्याची. ती काही बसेना, इकडेतिकडे सरकत राहिली. नेरिसने तळावरून नख फिरवलं. तिथे खुंट्याच नव्हत्या. कुणीतरी त्या धारदार पात्याने साफ कापून वर पॉलिश कागदही मारला होता.

"इथल्या खुंट्या कुठे गेल्या?"

"मी कापल्या. डोळे चांगले होते तेव्हाच."

"का पण?"

"त्यांच्यावर बसवली की सीट फार मागे जाते. एक सूत पुढे घे."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. या टेबलावर चूक म्हणजे चूक. एकदा पूर्ण झालेल्या ट्रॅक्टरचं धुराडं उलट बाजूला लागलं म्हणून या माणसाने तो ट्रॅक्टर पुन्हा तोडायला घेतला होता. नेरिसने मुकाट्याने चिमट्याने सीट पुढे सारली, गोंदाचा ब्रश उचलला. हा गोंद पाण्यासारखा पातळ. फटीला टेकवला की आत धावतो आणि प्लास्टिकच विरघळवून एकजीव करतो. मिनिटभर सरकवता येतं. मग नाही.

तिचा हात हवेतच थांबला.

इथलं एक सूत म्हणजे खऱ्या गाडीत चार बोटं. आणि वडील होते सहा फुटांच्या वर. त्या गाडीत बसले की त्यांचे गुडघे स्टीअरिंगला लागायचे, म्हणून सीट नेहमी टोकापर्यंत मागे. त्यांच्या पाठीमागे बसायला नको म्हणून तीच तर भांडायची.

"बाबा, एवढ्या पुढे तुमचे गुडघे मावलेच नसते."

ग्विलिमनी टेबलावर चाचपडत फडकं शोधलं आणि एक स्वच्छ ब्रश पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मागेच लाव. डावीच्या रेषेत."

"तुम्ही चुकत नाही."

"म्हातारा झालोय. चुकतो."

"खुंट्या कापल्यात तेव्हा दिसत होतं ना तुम्हाला?"

"नेरिस." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "मागे लाव. ती चहा घेऊन येतेय."

ती. नेरिसने ब्रश खाली ठेवला. आईला गाडी येत नाही, ही त्या घरातली न बोलता ठाऊक असलेली गोष्ट होती. आई जन्मभर बसने गेली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. कुणी शिकवतो म्हटलं तर हसायची, माझं नाही बाई त्यात डोकं. नेरिस पंधरा वर्षांची असताना जेवताना एकदा वडिलांवर ओरडली होती, तुम्ही माझा पाय मोडलात, तुम्ही! तेव्हा आई ताटावरून उठून बाहेर निघून गेली होती. नेरिसला वाटलं, आईलाही बाबांचा राग आला.

"गाडी शिकवत होतात तिला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "सरळ रस्ता होता तोवर छान चालवत होती."

"आणि मग?"

"मग काय. पोलीस आले तेव्हा ती तुझ्यापाशी बसलेली. तुझा हात सोडेना. मला वाटलं, पोरीला आत्ता आई जवळ हवी, चौकीत नको. म्हणून बोलून टाकलं. एकदा बोललं की बोललं."

"नंतर तरी सांगायचं!"

"नंतर तू रागावली होतीस. मला चाललं ते. तोच राग तिच्यावर काढला असतास, तर ती उभी राहिली नसती गं."

नेरिसला भयंकर संताप आला. कुणाचा, ते तिला ठरवता येईना. सगळं आयुष्य चुकीच्या माणसावर रागावून काढलं, आणि हा माणूस शेजारी बसून ब्रश पुसतोय! तो हिरवा सांगाडा उचलून भिंतीवर फेकावा असं तिच्या मनात आलं. तिने वडिलांच्या हातांकडे पाहिलं. ते आधीच स्वच्छ असलेल्या ब्रशवरून फडकं फिरवतच होते.

बाहेर पावलं वाजली. ट्रेमध्ये चमचे किणकिणत होते.

तिने ब्रश पुन्हा गोंदात बुडवला.

"गाडी धर तू, बाबा," ती म्हणाली. "हलू देऊ नकोस."

ग्विलिम एकदम ताठ बसले. मग दोन्ही हातांनी त्यांनी गाडीचा तळ धरला. नेरिसने सीट मागे ओढली, डावीच्या अगदी रेषेत आणली आणि कडेला गोंद टेकवला. तो आत धावला.

दार कोपराने ढकलून आई, एलुनेड, आत आली. ठेंगणीशी बाई, पाच फूटही धड नव्हती. चहा आणि लोणी लावलेला बेदाण्यांचा पाव असलेला ट्रे तिने खुर्चीवर ठेवला, हात अंगातल्या ॲप्रनला पुसले आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अगंबाई, पांघरूणसुद्धा केलंत!"

"नेरिसने केलं," ग्विलिम घाईघाईने म्हणाले. "मस्त झालीय ना? चहा ओत बघू, गार होतोय."

एलुनेड वाकली. पांघरुणाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर पुढे सरकली आणि तिथेच थांबली. नेरिसने उगाचच गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"हे चुकलंय," एलुनेड म्हणाली.

"काही चुकलेलं नाही," ग्विलिम म्हणाले. "एलुनेड, चहा."

"जशी होती तशी हवी म्हटलं होतं मी." तिने बोट पुढे केलं, सीटला लावलं मात्र नाही. बोलताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती, लेकीकडे बघत होती. "इतक्या मागे असती तर माझे पाय पोचलेच नसते, नेरिस."

एलुनेड वाकलेली होती तशीच राहिली. चष्म्यामागे तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते वळवले नाहीत.

ग्विलिमनी टेबल चाचपून चिमटा शोधला आणि नेरिस असेल असं वाटलं त्या बाजूला पुढे केला.

"एक सूत पुढे," ते म्हणाले. "गोंद वाळायच्या आत."