शून्य पूर्णांक शून्य

चिरांबो साहेबांना कुंपणाचा धसका बसला होता. कुंपण म्हणजे, रकान्यात मोठा आकडा मावला नाही की कॉम्प्युटर त्याच्या जागी आडव्याउभ्या रेघांचं जे जाळं काढून ठेवतो ते. मागच्या बैठकीत आमच्या लसीच्या तक्त्याचं अख्खं पान अशा कुंपणानं भरलं होतं, आणि एका परदेशी पाहुण्यानं हसत विचारलं होतं, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही, की सांगायचं नाही?" आमच्या राजधानीत, लिलोंग्वेत, असलं हसू आठवडाभर आरोग्य खात्याच्या कॅन्टीनमध्ये फिरतं. साहेबांनी ते गिळलं आणि हुकूम काढला: यापुढे सगळे आकडे दशलक्षात, दशांशानंतर एकच अंक.

तक्ते मी करते. हुकूम पाळला आणि तक्ता खरंच देखणा झाला. एक पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक आठ, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. अगदी तळाशी नांखोमा, चिल्वा सरोवरातलं बेट. माणसं एकोणीस हजार. तक्त्यात ०.०.

नांखोमावर माझी एनेलेस मावशी राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, मातेम्बा मासळी वाळवून विकली आणि माझी फी भरली. बेटावर कॉलरा शिरला होता. लस कुणाला किती, हे याच तक्त्यावरून ठरणार होतं.

"साहेब, नांखोमा शून्य दिसतंय."

"दिसतंय ना नुसतं? आत खरा आकडा आहे की."

"छापल्यावर आत कोण बघणार?"

"एलुबे, एका बेटासाठी मी पुन्हा चारचौघांत हसं करून घेऊ?"

मी हट्टाला पेटले. लहान जागांचे आकडे पूर्ण लिहून आणले. साहेबांनी चष्मा वर केला. "वर शून्य पूर्णांक आठ आणि खाली एकोणीस हजार? मंत्रीबाई म्हणतील, बेट राजधानीहून मोठं झालं." यात ते चुकत नव्हते, मंत्रीबाई तसं म्हणाल्याच असत्या. मग मी सगळेच आकडे पूर्ण लिहिले, रकाने रुंद केले, पान आडवं केलं. एकही कुंपण नाही.

"आडवं पान फायलीत बसत नाही," साहेब म्हणाले. मग माझ्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः सगळं पूर्ववत केलं आणि छापलं.

बैठक चालू असताना फोन दोनदा वाजून थांबला. मावशीचा मिस्ड कॉल. फोनचे पैसे खर्च करणं तिच्या तत्त्वात नाही, परत फोन मी करायचा. मी बाहेर व्हरांड्यात आले.

"पोरी, औषधाची होडी कधी येतेय? इथं शेजारची तिघं गेली."

"येईल मावशी. पाणी उकळून पी."

"लाकडं तुझा साहेब धाडणार का? बरं, तू तिकडे आकडे लिहितेस ना, मग आमचा लिहिलास का?"

"लिहिलाय."

"मोठा लिही गं. बारीक अक्षर त्या म्हाताऱ्याला दिसत नसेल."

मी आत गेले तोवर कागदावर सही झाली होती. शून्याच्या ओळीशी कुणी थांबलंच नव्हतं.

दुपारी मी गोदामात धावले. गोदाम सांभाळणारा बिस्वेक भला माणूस. त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "ताई, शून्य पेट्या ट्रकमध्ये कशा चढवू, तूच सांग."

"अरे, आत एकोणीस हजार माणसं आहेत!"

"आत कुठे?" असं म्हणून त्यानं कागद खरोखरच उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

मी साहेबांकडे गेले. त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत ते फोनला चिकटून होते, कुणाकुणाच्या विनवण्या करत होते. उत्तर एकच येत होतं: सहीचा कागद पुढच्या बैठकीतच बदलेल. पुढची बैठक पंधरा दिवसांनी. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना, याचाच जास्त राग आला.

रविवारी चर्चमधून घरी येऊन न्सिमासाठी, मक्याच्या पिठाच्या उकडीसाठी, पाणी ठेवलं होतं. मावशीच्या नंबरवरून फोन आला. दोनदा वाजला, की मी करणारच होते. पण तिसऱ्यांदा वाजला, चौथ्यांदा वाजला, थांबेचना. मावशीच्या फोनवरून कुणीतरी पैसे खर्च करत होतं. मी तो हातात धरून खाली बसले. उचलायची हिंमत होईना.

मला माती द्यायलाही जाता आलं नाही. कॉलऱ्यानं गेलेलं माणूस घरी ठेवत नाहीत, त्याच दिवशी पुरतात.

पुढच्या बैठकीआधी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "यावेळी सगळं पूर्ण लिही, एलुबे. मृतांचा रकानापण घाल. पान आडवं होऊ दे. लागेल तेवढा रकाना रुंद कर."

मी आकडा भरला. नांखोमाचे मृत, मावशी धरून. रकाना रुंद करावाच लागला नाही. तीनच अंक होते.