पावणेचारचं शीड

"ऑक्टोबर," वीबे म्हणाला आणि त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. "मधला आठवडा. ठरलं."

"कुणी ठरवलं?" आउके म्हणाला. "ऑक्टोबरात कार्पाथोसला कोण जातं? पेन्शनीतले जर्मन जातात, पडकी देवळं बघायला."

"पाणी कोमट असतं. गर्दी नसते."

"पाणी कोमट असतं म्हणे. मी काय पाय शेकायला येतोय?"

आउकेची बायको हिस्के, तिनं बिस्किटांचा डबा उघडला, तिघांसमोर एकेक बिस्कीट ठेवलं आणि झाकण घट्ट लावून डबा परत फळीवर ठेवला. बाहेर फेब्रुवारी होता. आयसलमेर सरोवरावरून येणारा वारा स्वयंपाकघराच्या खिडकीवर धडका मारत होता, आणि अशा वाऱ्याचं आमच्या माक्कुम गावात कुणाला काही वाटत नाही.

ग्रीसच्या त्या बेटावर उन्हाळाभर मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. तो एकदा सुरू झाला की आठवडा आठवडा थांबत नाही, आणि त्याच्यासाठीच विंडसर्फिंगवाले तिकडे धावतात. ऑक्टोबर लागला की तो पडतो. गेल्या वीस वर्षांत वीबे आणि आउके तिथं कितीतरी वेळा जाऊन आले होते, तेव्हा हे वीबेला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या सुट्टीसाठी त्यानं शोधून शोधून बिनवाऱ्याचा आठवडा काढला होता.

का, ते तिघांनाही ठाऊक होतं. आउकेला टेबलापासून नळापर्यंत जाऊन आलं की दम लागत होता.

दोघंही यॉट बांधणाऱ्या यार्डात कामाला. आउके साच्यात फायबरचे थर अंथरायचा, रोलरनं रेझिन दाबायचा, वाळलं की घासायचा. ज्यांना शिडाची दोरी कुठून ओढतात हे माहीत नसतं अशा लोकांच्या बोटी त्यानं आरशासारख्या केल्या. हिवाळ्यात शेडमधली धूळ आणि रेझिनची वाफ बाहेर खेचणारे पंखे बंद असायचे. पंख्यांबरोबर ऊब बाहेर जाते आणि थंडीत रेझिन आळत नाही, असं त्याचं कारण होतं. बटण दाबायचं काम फोरमनचं, आणि फोरमन वीबे होता. आउकेच्या फुप्फुसात जे झालं त्याला कंपनीच्या डॉक्टरनं नाव दिलं, "वय". आउके तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. त्याच वयाचा मालक त्याच आठवड्यात बर्फावर घसरायला आल्प्समध्ये गेला होता. त्याला वय लागू पडलं नाही.

यावर वीबे आणि आउके कधी बोलले नव्हते. आमच्याकडे माणसं शेजाऱ्याचा पडदा मळलाय हे तोंडावर सांगतात, पण असल्या गोष्टीवर बोलत नाहीत.

"जुलै," आउके म्हणाला.

"जुलैत तिकडे वारा वेड लागल्यासारखा असतो."

"म्हणूनच."

"अरे, तू ऐक तरी. ऑक्टोबरात आपण निवांत बसू. मासे भाजू. मला कधी वाटलं तर मी जरा पाण्यात जाऊन येईन, तू काठावरून शिव्या दे. तुझं तेवढंच काम."

"शिव्या मी इथनंपण देतो. त्याला विमान कशाला?"

हिस्के हसली, मग थांबली. "वीबेला बोलू नकोस," ती म्हणाली. "ऑक्टोबर मी सांगितला."

आउकेनं तिच्याकडे पाहिलं.

"वारा असला तर तू जाणार," ती म्हणाली. "नसला तर जाणार नाहीस, आणि कुणाला तुला नको म्हणायला लागणार नाही. मला नाही म्हणायचं. मी आयुष्यभर तुला एकदाही नको म्हटलं नाही."

"मग आता कशाला वाऱ्याला मध्ये घालतेस?"

"कारण मला भीती वाटते. पाण्यात पडलास आणि दम नाही पुरला तर? मी काठावर उभी राहून काय करू, हात हलवू?"

बोलायच्या आधी त्याला श्वास जमवावा लागे.

"डॉक्टर म्हणाली, पुढच्या वर्षी ऑक्सिजनची नळी लागेल," तो म्हणाला. "नाकात नळी घालून बोर्डवर उभं राहता येत नाही. हा उन्हाळा आहे. हाच. मला एकदा खऱ्या वाऱ्यात जायचंय. दहा मिनिटं पुरे."

त्यानं वीबेचा फोन सुलटा केला आणि त्याच्यापुढे सरकवला. "फोन लाव तिथल्या सर्फिंग केंद्राला. आणि माझ्यासाठी शीड सांग, पावणेचार."

"पावणेचार?" वीबे म्हणाला. "तुला?"

शिडाचं मोजमाप साधं असतं. वारा सगळ्यांना सारखाच, पण माणूस जितका जड तितकं मोठं शीड लागतं. मेल्तेमीत दोघंही पाच चौरस मीटरचं घ्यायचे. आउके दोघांत जाडा होता, साडेपाच मागून बघायचा आणि लोकांना हसवायचा. पावणेचारचं शीड पोरीसोरी घेतात. वीबे तोंडातल्या तोंडात हिशेब करत राहिला, आणि मग त्यानं पहिल्यांदाच त्या जाड लोकरी स्वेटरकडे नीट पाहिलं. त्याच्या आत किती आउके उरलाय, ते त्याला आकड्यात कळलं होतं.

"किती उतरलं?" त्यानं विचारलं.

"एकवीस किलो. हिस्के माझ्या विजारी आत घेते, तिला विचार."

"मला माहीत नव्हतं."

"तुला बरंच काही माहीत नसतं, फोरमन. पंखे बंद असले की काय होतं, ते माहीत होतं का?"

हे त्यानं आवाज न चढवता विचारलं. वीबेची मान लाल झाली. तो नाही म्हणू शकला असता.

"होतं," तो म्हणाला.

"बरं." आउकेनं बिस्किटाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मग बोर्ड पाण्यापर्यंत तू न्यायचास. परतही तूच आणायचास. मी पडलो तर तू यायचंस, पण मी हात वर केल्याशिवाय नाही. काठावर हिस्के तुझ्याशेजारी उभी राहील. पाण्यात मी एकटा."

वीबेनं हिस्केकडे पाहिलं. तिनं खिडकीबाहेर बघत मान हलवली. "जुलै," ती म्हणाली, "पण पहिला आठवडा. शेवटच्यात मला उकाडा सोसत नाही."

वीबेनं फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून एका तरुण माणसाचा उत्साही आवाज आला. वीबेनं मोडक्या इंग्रजीत तारखा सांगितल्या, दोन बोर्ड सांगितले, स्वतःसाठी पाचचं शीड सांगितलं, आणि दुसरं पावणेचारचं.

"पावणेचार कुणासाठी?" आवाजानं विचारलं. "मुलासाठी? मग उथळ खाडीतलं नाव नोंदवतो. तिथं शिकवायला माणूस असतो."

वीबेनं तोंड उघडलं. आउकेनं हात पुढे केला आणि फोन स्वतःकडे ओढला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "शिकवायला नको. बाहेरच्या खाडीत."

"बरं, सर. आडनाव?"

"त्येर्ड्स्मा."

"माफ करा, परत सांगता? एकेक अक्षर सांगा."

हे आडनाव आमच्या प्रांताबाहेर कुणालाच लिहिता येत नाही. आउकेनं टेबलाची कड धरली.

"टी," तो म्हणाला. "जे. ई." मग थांबून श्वास घेतला. "परत ई. आर." वीबेच्या ओठांवर पुढचं अक्षर आलं होतं, ते त्यानं गिळलं. हिस्के खिडकीपाशीच उभी होती. "डी," आउके म्हणाला, आणि पुन्हा थांबला. त्याच्या छातीतला आवाज फोनमध्ये जात असणार. "एस." कुणी त्याच्यासाठी बोललं नाही.

"एम," आउके म्हणाला. मग पुरेसा वेळ घेऊन, "ए."